वासुदेवरावांचा नॉर्मल पाय

वासुदेवरावांच्या उजव्या पायातली चप्पल बेंगळुरातल्या गांधी बझारात गळून पडली आणि त्यांना ते कळलं नाही. झालं होतं ते एवढंच. फुलवालीनं मागून ‘अण्णा, चप्पली’ म्हणून हाक मारली तेव्हा ते पाच-दहा पावलं पुढे गेले होते. हातात केळीची पानं, एक पाय चपलेत, दुसरा उघडा आणि चेहऱ्यावर मराठी समाजाच्या हॉलच्या सेक्रेटरीला शोभेल असं गांभीर्य. ते मागे आले, चप्पल घातली आणि फुलवालीला कन्नडमध्ये सांगितलं की ती त्यांनी मुद्दामच काढली होती. बाईनं मान डोलावली. वीस वर्षं फुलं विकणाऱ्या बाईला माणसं काय वाट्टेल ते सांगतात.

तिथपर्यंत ठीक होतं. पण त्याच आठवड्यात चप्पल पुन्हा गळली, एकदा जिन्यावर आणि एकदा थेट घराच्या फाटकात. मग मात्र वासुदेवरावांना राहवेना. त्यांनी शेजारच्या वादिराजांना गाठलं आणि ‘माझ्या ओळखीचा एक गृहस्थ आहे’ असं म्हणून सगळी हकीकत सांगितली. वास्तविक वादिराजांना कोणी काही विचारू नये. पण त्यांचं सगळं आयुष्य टेलिफोन खात्यात गेलेलं, त्यामुळे तार म्हटली की, मग ती माणसाच्या अंगातली का असेना, तो आपलाच विषय असं ते धरून चालतात. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि लाइन गेली असा निकाल दिला. फॉल्ट पायापासून सुरू होतो आणि वर सरकतो. बनशंकरीला त्यांचा एक चुलतभाऊ होता, त्याचं असंच झालं. आधी चप्पल गळली, मग काठी आली, मग लुंगी नेसवायला माणूस ठेवावा लागला.

“तुमच्या त्या गृहस्थाला सांगा,” वादिराज म्हणाले, “आधी स्कूटर विकून टाक म्हणावं.”

वासुदेवरावांनी मनात हिशेब केला. स्कूटर गेली म्हणजे सकाळची मंडई गेली. मंडई गेली की हॉलवरची फेरी गेली, आणि हॉल गेला की सेक्रेटरीपद समाजातल्या त्या नागोजीच्या घशात. मग उरलं काय, तर व्हरांड्यातली खुर्ची आणि दर तासाला ‘काही हवंय का?’ असं विचारणारी माणसं. विमा कंपनीत पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मरणाचे हप्ते त्यांनी हसतखेळत घेतले होते. स्वतःच्या बाबतीत मात्र एवढीशी चप्पल त्यांना पेलवेना.

आणि दुखणं लपवायचं तर ते कोणापासून? त्यांची सून वाणी नसांचीच डॉक्टर होत होती. मुलगी गुणी, बोलायला मऊ, पण तिला एक वाईट खोड होती. ती समोरच्याची चाल बघायची. बसस्टॉपवरचा अनोळखी माणूस कसा चालतो ते बघून ती हळूच अजिंक्यच्या, म्हणजे नवऱ्याच्या, कानात काहीतरी सांगायची. तेव्हापासून वासुदेवराव सुनेसमोरून जाताना सव्वीस जानेवारीच्या संचलनासारखे पाय आपटत जाऊ लागले. पत्नी सुनंदाबाईंनी दोनदा विचारलं की जमिनीनं तुमचं काय घोडं मारलंय. ते तसेच पाय आपटत पुढे गेले.

अशात एके दिवशी जेवताना वाणीनं स्वतःहूनच विषय काढला. तिच्या हॉस्पिटलात एक मशीन होतं. ते नसेला बारीकसा झटका देतं आणि तो झटका किती वेगानं पुढे जातो ते मोजतं. त्यावरून नस चांगली की बिघडलेली ते ठरतं. घोटाळा एवढाच, की चांगली म्हणजे किती चांगली याचे आकडे मशीनबरोबर परदेशातून आलेले. तिकडच्या उंच्यापुऱ्या माणसांच्या मापानं इकडच्या माणसांना मोजायचं, हे काही बरोबर नव्हे. म्हणून इथल्या धडधाकट प्रौढ माणसांच्या नसा मोजून इथले नॉर्मल आकडे ठरवायचे, हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. तरुण माणसं मिळाली होती. साठीच्या पुढचा रकाना मात्र रिकामा, कारण साठीच्या पुढची निरोगी माणसं हॉस्पिटलात कशाला येतील?

“मग यांनाच ने की,” सुनंदाबाई म्हणाल्या. “यांना कधी सर्दीसुद्धा होत नाही.”

वासुदेवरावांच्या घशात सारभात अडकला. ठसका, पाणी, पाठीवर थापा असं सगळं होईपर्यंत त्यांना सुचायचं ते सुचलं. एक पाय वाचवायचा असेल तर शंभर पाय पुढे करावेत. घसा मोकळा करून त्यांनी जाहीर केलं की एका माणसानं काय होणार, सूनबाईच्या कामासाठी अख्खा समाज उभा करतो. रविवारी हॉलवर शिबिर लावू. मशीन तिथे आणा, माणसं माझी. त्या गर्दीत आपल्याला कोण विचारतंय, हा त्यांचा हिशेब. वाणीचे डोळे भरून आले आणि तिनं वाकून नमस्कार केला. तिचा हात उजव्या पायाला लागला तसा त्यांनी पाय मागे घेतला.

शिबिर लावतो म्हणणं सोपं असतं. हॉस्पिटलच्या कमिटीला शंका आली की भजनाच्या हॉलमध्ये विजेचे झटके देणं कुठल्या नियमात बसतं. त्यांचा एक माणूस हॉलची पाहणी करायला आला. त्यानं फ्यूज बघितला, संडास बघितला आणि मूर्तीपुढे डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला. मग ‘सरी, माडी’, म्हणजे बरं, करा, असं म्हणून गेला. वाणीच्या गाइडबाईंनी मात्र बजावलं होतं की सगळं अगदी प्रयोगशाळेसारखं व्हायला पाहिजे. एक जरी गोष्ट चुकली तरी सगळे आकडे फेकून द्यावे लागतील, आणि मुदतवाढ मिळणार नाही. वाणीनं हे घरी सांगितलं. हे ऐकून वासुदेवरावांना एक काळजी होती तिथे दोन झाल्या.

तिसरी काळजी माणसांनी आणली. निरोगी माणसं पाहिजेत असा निरोप फिरताच सगळा समाज निरोगी झाला. साखर, थायरॉइड, दारू यांतलं काही असेल तर घेता येणार नाही, असं वाणीनं सांगितलं होतं. वासुदेवरावांनी ते तसंच्या तसं पुढे सांगितलं आणि बसल्या जागी दहा वैरी केले. वादिराजांना साखर होती. ‘म्हणजे मी ॲबनॉर्मल, असंच ना’ म्हणून ते गेले ते बोलेनासेच झाले. सल्ले मात्र थांबले नाहीत, ते आता बायकोमार्फत येऊ लागले. हॉलचे पुजारी भीमाचार्य यांना दारूचं विचारावं लागलं, तेही त्यांच्या मंडळींसमोर. त्या दिवशी वासुदेवरावांच्या हातावर तीर्थ पडलं ते दोनच थेंब. कृष्णाबाईंना भाचीच्या लग्नासाठी नसा उत्तम असल्याचं शिक्क्याचं सर्टिफिकेट हवं होतं. ते मिळणार नाही म्हटल्यावर, मग झटके फुकट कशाला खायचे, असा त्यांचा सवाल होता. 

या सगळ्यात धावून आला तो नागोजी. ज्याच्या घशात सेक्रेटरीपद जाणार होतं तोच हा. त्याचा बोम्मसंद्र्याला खोके बनवायचा कारखाना, दारात व्हॅन. मशीन आणायची-न्यायची जबाबदारी त्यानं आपणहून घेतली. वासुदेवरावांना वाटलं, याला आपल्या पायाचा वास लागला असणार. पण नागोजीचंही काहीतरी बिनसलेलं दिसत होतं. व्हॅन चालवताना तो चपला काढून बसायचा. घरी आला तेव्हा सुनंदाबाईंनी वाढलेलं आंब्याचं लोणचं त्यानं ताटाबाहेर काढून ठेवलं. मीठ सोडलंय, म्हणाला. का, ते सांगेना. ज्याचं ताट लोणच्याशिवाय हलत नसे त्या माणसानं फोड बाजूला ठेवावी, हे वासुदेवरावांना लागलं. पण स्वतःच्याच चिंतेत असलेला माणूस दुसऱ्याला किती विचारणार?

रविवार उजाडला तो कडाक्याचा. डिसेंबरातलं बेंगळूर, वरून धुकं, झाडांवरून पाणी ठिबकतंय. वासुदेवराव सकाळीच स्कूटरवरून हॉलवर हजर झाले. स्कूटर लावताना तिच्या सीटवर त्यांनी जरा हात फिरवला.

हॉलचा एक दंडक होता, आणि तो वासुदेवरावांनी घातलेला होता. आत विठोबा आहे, तेव्हा चपला बाहेर, आणि दारातल्या नळावर हातपाय धुतल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडायचा नाही. एकदा एक मंत्री आले होते, त्यांनासुद्धा त्यांनी नळ दाखवला होता. आज तर सूनबाईचं काम, तेव्हा सेक्रेटरी जातीनं नळापाशी उभे राहिले. नळाचं पाणी गच्चीवरच्या टाकीतलं, रात्रभर गारठलेलं. माणसं स्स करून पाय मागे घ्यायची. पण वासुदेवराव सोडतात होय? घोट्यापर्यंत नको, गुडघ्यापर्यंत धुवा, डॉक्टर तिथवर हात लावणार आहेत, असं सांगून त्यांनी एकेकाला तांब्या तांब्या ओतून धुतलं. पाय पुसायला एकच पंचा होता, तो तिसऱ्या माणसालाच ओला झाला.

आत वेगळीच तऱ्हा. टेस्ट म्हटली की उपाशीपोटी जायचं एवढंच सगळ्यांना आजवर ठाऊक, तेव्हा झाडून सगळी मंडळी निरंकार आलेली. कोणाला चक्कर येऊ लागली, कोणी कॉफीच्या नावानं उसासे टाकू लागलं. त्यात डॉक्टरकडे जायचं म्हणून निम्म्यांनी अंगाला तेल चोळून स्नान केलेलं. वाणीची टेक्निशियन महानंदा चिकोडीकडची, तोंडानं फटकळ. तिनं भीमाचार्यांच्या पोटरीवर पट्टी लावली ती घसरली, पुन्हा लावली, पुन्हा घसरली.

“तेल लावून आलाय होय?” ती म्हणाली. “मग मी पट्टी चिकटवू कशी, सांगा की आचार्य.”

आचार्यांनी झटका खाल्ला, नारायण म्हटलं आणि पाय पोटाशी घेतला. पण काम सुरू झालं. महानंदा प्रत्येकाचं तापमान मोजी, पट्ट्या लावी, झटका देई. वाणी पडद्याकडे बघत आकडे घेई. वासुदेवराव दारातून सुनेच्या तोंडाकडे बघत होते. आधी ते हसरं होतं. मग कपाळावर एक आठी आली. मग तिनं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. मग तिनं महानंदाला जवळ बोलावलं, आणि दोघींची हलक्या आवाजात कुजबूज झाली. महानंदाचा हलका आवाज म्हणजे हॉलच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

“सगळ्यांच्याच स्लो हायेत की हो मॅडम. एकाची बी धड न्हाई.”

झालं. हॉलमध्ये जो गलका उठला, विचारू नका. बायका एकमेकींच्या पायांकडे बघू लागल्या. कोणी म्हणालं कावेरीचं पाणी, कोणी म्हणालं पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसं बैठं काम करत आली त्याचं हे फळ. निरोगी म्हणून आलेली माणसं आता रुग्ण होऊन भिंतीला टेकली. वादिराज, ज्यांना बोलावलंच नव्हतं, ते खिडकीतून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

वाणी मात्र खुर्चीत खाली मान घालून बसली होती. ते बघून वासुदेवरावांना कसंतरीच झालं. पोरीचं दोन वर्षांचं काम. हे आपण केलं. आपला पाय लपवायला आपण तिच्यापुढे अख्खा आजारी समाज आणून उभा केला. इतके दिवस त्यांना भीती वाटत होती, आता लाज वाटली, आणि लाज भीतीपेक्षा जड निघाली. ते आत गेले आणि बाकावर आडवे झाले.

“माझाही मोज,” ते म्हणाले. “आणि आधी एक ऐक. माझी चप्पल पायातून गळते, आणि मला कळत नाही. मी सांगितलं नाही तुला. घाबरलो होतो.”

पलीकडे सुनंदाबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातातला कॉफीचा लोटा तसाच राहिला.  महानंदाला बाजूला करून वाणीनं स्वतः सासऱ्याचा उजवा पाय हातात घेतला. आणि तशीच थांबली.

“मामा, पाय बर्फासारखा झालाय,” ती म्हणाली.

वासुदेवरावांनी डोळे मिटले. तर हे असं असतं. आता काठी, आता लुंगी नेसवणारा माणूस. इतक्यात वाणीनं त्यांचा दुसरा पाय धरला. मग ती उठून भिंतीला टेकलेल्या भीमाचार्यांपाशी गेली आणि त्यांच्याही पायाला हात लावला. आचार्यांना वाटलं नमस्कार करते आहे, त्यांनी टेकल्या टेकल्या आशीर्वाद दिला. तिनं वळून महानंदाला विचारलं की तापमान मोजलंस ना प्रत्येकाचं. मोजलं की, महानंदा म्हणाली, आणि मोजायचं ते पिस्तूल तिनं उचललं. ते उचलताच कोरोनात सवय लागलेल्या समस्त मंडळींनी आपापली कपाळं पुढे केली.

“कपाळाचं?” वाणी म्हणाली. “अगं, पायाचं मोजायचं होतं. पाय गार असला की नस मंद चालते. चांगली असली तरी.”

मग तिनं विचारलं की सगळ्यांचे पाय एवढे गार कशानं झाले. हॉलमधल्या यच्चयावत माणसांनी, अगदी खिडकीतल्या वादिराजांनीसुद्धा, दारातल्या नळाकडे बोट केलं आणि तिथून ते हळूहळू सेक्रेटरींकडे वळवलं. असा अपमान वासुदेवरावांचा उभ्या जन्मात झाला नव्हता. आणि एवढा आनंदही. दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांना बाकावरून उठता येईना.

पुढचं काम नागोजीनं केलं. प्रसादाच्या स्वयंपाकाचे बंब पेटवले, कुठून कुठून बादल्या गोळा केल्या. पाय बुडवायला पातेली द्यायला भीमाचार्यांनी साफ नकार दिला, तेव्हा व्हॅनमधून प्लास्टिकचे बिनभोकाचे क्रेट आले. सुनंदाबाईंनी उपमा टाकला, कारण उपाशी राहायची गरज नव्हती हे आता कळलं होतं. समाजातले सगळे प्रतिष्ठित लोक ओळीनं बसले, पाय गरम पाण्यात, हातात उपम्याच्या बशा. मग पाय कोरडे करून, तेल पुसून, तापमान पायाचंच घेऊन एकेकाला पुन्हा झटके. आणि काय सांगावं, एकेकाच्या नसा अशा धावू लागल्या की महानंदा मोठ्यानं आकडे सांगू लागली आणि लोक टाळ्या वाजवू लागले. वाणीच्या कपाळावरची आठी गेली.

वासुदेवराव शेवटी आडवे झाले. झटका बसला तसा पाय उडाला. वाणीनं पडद्याकडे बघितलं, पुन्हा एकदा झटका दिला, पुन्हा बघितलं. मग टाचणीनं आणि कापसानं तळव्याला कुठे काय कळतं ते तपासलं. वासुदेवरावांनी देवाचं नाव घेतलं नाही, कारण पाय धुवायला लावणारा देव तोच होता.

“उत्तम आहे, मामा,” ती म्हणाली. “साठीच्या पुढच्या रकान्यात पहिलं नाव तुमचं घालते. पुढे कोणाचाही पाय तपासला की तो तुमच्या पायाशी ताडून बघणार.”

 मग चप्पल का गळते, हे वासुदेवरावांनी विचारलं. ते मशीनला कळत नाही, वाणी म्हणाली.

दुपारी सगळं आवरून ते बाहेर आले आणि त्यांनी चपला घातल्या. दारात नागोजी पायरीवर बसून चपलेत पाय कोंबत होता. अंगठा आत जाई तर टाच बाहेर राही. वासुदेवरावांकडे बघून तो ओशाळला आणि मग त्यानं सांगून टाकलं की दिवाळीच्या भजनापासून त्याचे पाय सुजलेत. चपलेत मावत नाहीत. पाय सुजणं म्हणजे किडनी, असं वादिराजांनी सांगितलंय. म्हणून मीठ सोडलं, लोणचं सोडलं, पापड सोडला. आतासुद्धा सगळ्यांनी उपमा खाल्ला, त्यानं नाही. घरी अजून सांगितलेलं नाही. 

वासुदेवराव त्याच्या पायांकडे बघत होते. पाय सुजलेले नव्हते. मग त्यांनी चपलांकडे बघितलं. चामड्याच्या साध्या चपला, गांधी बझारातल्या कोपऱ्यावरच्या दुकानात अर्धा समाज घेतो तसल्या. डावीच्या पट्ट्याला आतून हिरव्या दोऱ्याची शिवण होती. हिरवा दोरा सुनंदाबाईंच्या शिलाईच्या डब्यातला. त्यांनी हळूच आपल्या पायातली चप्पल काढली आणि नागोजीच्या पायापाशी ठेवली.

“ही घालून बघ,” ते म्हणाले.

नागोजीनं पाय घातला. पाय आत जाऊन नीट बसला. त्यानं दुसरा घातला, उभा राहिला, दोन पावलं चालून बघितलं आणि मटकन पुन्हा पायरीवर बसला.  भजनाच्या दिवशी नळापाशी पाय धुवा, पाय धुवा म्हणून सेक्रेटरींनी चपलांचा कसा ढीग करायला लावला होता, ते दोघांनाही आठवत होतं.

“दिवाळीचा फराळ बिनमिठाचा खाल्ला मी,” नागोजी शेवटी म्हणाला. “वैनींना सांग, लोणच्याची अख्खी बरणी माझी.”

तो उठला आणि हॉलच्या स्वयंपाकघरात उपमा उरलाय का बघायला गेला. वासुदेवरावांनी आपल्या चपला घातल्या. इतके दिवस ऐसपैस चपलेची सवय झालेली, त्यामुळे अंगठ्याला पट्टा चांगलाच रुतला. स्कूटर हॉलवरच ठेवून ते घरी चालत निघाले. मुद्दाम गांधी बझारावरून, फुलवालीच्या समोरून गेले. पावलापावलाला अंगठा ठणकत होता, आणि प्रत्येक ठणका त्यांना कळत होता.